बेचाळीस वर्षांतली सतरा वर्षं

१५ जानेवारी २०२६ ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवक निवडला. त्याआधी दोनदा लोकसभेला आणि दोनदा विधानसभेला मत दिलं होतं. पण कल्याण-डोंबिवली महापालिकेची आधीची निवडणूक झाली १ नोव्हेंबर २०१५ ला. तेव्हा मला अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होते. पुढची २०२० मध्ये व्हायला हवी होती. ती झाली पाच वर्षं उशिरा. म्हणजे खासदार कोण असावा, आमदार कोण असावा हे मला विचारलं गेलं. आमच्या गल्लीतल्या गटारावर झाकण असावं की नाही, हे कुणी विचारलंच नाही.

आणि विचारलं तेव्हा चार-चार वेळा विचारलं. एकाच प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, चार मतं. आमच्या आजीने मशिनीसमोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "चौघांतला आपला कोण?" बूथवरचे लोक हसले. मला मात्र तो प्रश्न निवडणूक आयोगाने छापून लावावा असा वाटला.

घरी आल्यावर आजीने तिच्या कपाटातून एक पुस्तिका काढली. २०१५ ते २०२० या काळात आमच्या वॉर्डात असलेल्या नगरसेविकेचा कार्यअहवाल. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, आत रंगीत छायाचित्रं. आजी अशा गोष्टी टाकत नाही. लग्नपत्रिकांच्या मागे ती वाणसामानाच्या याद्या करते. या पुस्तिकेच्या मागे मात्र यादी नव्हती. तिला त्या बाई आवडायच्या. "रात्री फोन केला तरी उचलायची," एवढंच तिचं मूल्यमापन.

ही पुस्तिका मी नीट वाचली. पेव्हर ब्लॉक. हायमास्ट दिवे. ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकडी. गटारांची झाकणं. डोळे तपासणी शिबिर, हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार. सीसीटीव्ही कॅमेरे. धूरफवारणी. प्रत्येक कामापुढे फोटो. एखादा पगारी इतिहासकार असल्या कागदाकडे ढुंकूनही बघणार नाही, पण आपल्या शहरांचा रोजचा इतिहास लिहिलेला असतो तो असल्याच कागदांवर. कुठली गल्ली अंधारी होती, कुठे पाणी तुंबत होतं, कुठल्या वर्षी डेंग्यू पसरला, हे सगळं त्यात आहे. काय नाही, तेही त्यातूनच दिसतं. आणि २०२० नंतर तर अशी पुस्तिकाच नाही.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये. रेल्वेपाठोपाठ लगेच नगरपालिका. सुरुवातीला सभासद सरकारच नेमायचं. १८८२ साली लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि हळूहळू निवडून दिलेली माणसं आत जाऊ लागली. त्यांना बरीच वर्षं 'नगरपिता' म्हणत. हा शब्द कधी मागे पडला आणि 'नगरसेवक' कधी रूढ झाला, याची नेमकी तारीख नाही, पण बदल चांगला झाला. बापाला जाब विचारता येत नाही. (आता अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे 'नगरपिता' तसाही चालला नसता.)

ठाणे महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. तिथे पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. वर्षभराने, १ ऑक्टोबर १९८३ ला, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि आसपासची बरीच गावं एकत्र करून कल्याण महापालिका झाली. इथे पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. म्हणजे महापालिका आहे, आयुक्त आहे, कर आहे, पण लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही, अशी जवळपास बारा वर्षं. त्यात नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२६ ही पाच वर्षं मिळवा. बेचाळीस वर्षांतली सतरा. ठाण्यातही मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं तेच. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग एकचा, तीनचा की चारचा याचा सरकारगणिक बदलता निर्णय. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा चक्र हललं.

ऐंशीच्या दशकातली ती बारा वर्षं डोंबिवलीच्या इतिहासात साधी नव्हती. गिरगाव, दादर, परळमधून मध्यमवर्गीय मराठी माणूस इकडे सरकला तो आधीपासूनच, पण त्या दशकात त्याचा लोंढा झाला. चाळी पाडून इमारती झाल्या, शेतांवर इमारती झाल्या, खाडीकिनारी झाल्या. किती परवानगीने, किती परवानगीविना? पुढे २००४ साली काही नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती अग्यार यांची समिती नेमली. तिच्यासमोर कल्याण-डोंबिवलीतल्या बेकायदा बांधकामांचा जो आकडा आला तो होता ६७ हजार ९२०. आमच्या पिढीला हा आकडा पाढ्यासारखा पाठ आहे. दर निवडणुकीला कुणीतरी तो म्हणून दाखवतं.

इथे मला प्रामाणिकपणे थांबायला हवं, कारण 'नगरसेवक नव्हते म्हणून बेकायदा बांधकामं झाली' हे वाक्य लिहायला सोपं आहे आणि खोटं आहे. ती १९९५ नंतरही झाली, आणि नगरसेवकांच्या डोळ्यांदेखत झाली. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी ठाणे महापालिकेच्या हद्दीत, शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये एक इमारत कोसळली. वरचे मजले अजून बांधले जात होते आणि खाली माणसं राहायला आलेली होती. ७४ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. अटक झालेल्यांत बिल्डर होते, महापालिकेचे अधिकारी होते, पोलीस होते, आणि एक नगरसेवकही होता. त्यामुळे नगरसेवक म्हणजे लोकांचा रखवालदार, ही समजूत कुणी बाळगली असेल तर ती त्या ढिगाऱ्यात गेली.

माझ्या बाबांचं मत म्हणूनच ठाम आहे: नगरसेवक हवेतच कशाला, एक चांगला आयुक्त पुरे. ठाण्या-डोंबिवलीतल्या मध्यमवर्गात हे मत घराघरांत सापडेल. त्याला कारणही आहे. नव्वदच्या दशकात टी. चंद्रशेखर ठाण्याचे आयुक्त होते. त्यांनी रस्ते रुंद केले, बांधकामं तोडली, आणि ठाणेकरांच्या मनात जे घर केलं ते आजतागायत आहे. बाबा तेव्हा ठाण्यात नोकरीला होते. स्टेशन परिसराचं वर्णन ते अजून 'चंद्रशेखरच्या आधी' आणि 'चंद्रशेखरच्या नंतर' असं करतात. मला त्यांची थट्टा करायची नाही. ज्याला रोज त्या गर्दीतून वाट काढत नोकरी गाठायची असते त्याला रुंद रस्ता हा लोकशाहीपेक्षा जवळचा वाटणारच.

पण बाबांच्या युक्तिवादात एक गोम आहे. महापालिकेच्या कायद्यात, म्हणजे १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, काम करण्याचे अधिकार आधीपासूनच आयुक्तांकडे आहेत. नगरसेवकाला साधा दिवाही स्वतः लावता येत नाही. चंद्रशेखर यांनी जे केलं ते निवडून आलेली महापालिका असतानाच केलं. नगरसेवक जातात तेव्हा आयुक्तांचे हात मोकळे होतात असं नाही, ते आधीच मोकळे असतात. जातो तो समोर बसलेला माणूस. प्रशासकीय राजवटीत आयुक्तच प्रशासक होतो: प्रस्ताव ठेवणारा तोच, स्थायी समिती म्हणून खर्चाला मंजुरी देणारा तोच, महासभा म्हणून ठराव करणारा तोच. आमच्या कामात याला एक अगदी ओळखीची उपमा आहे. आपणच कोड लिहायचा, आपणच रिव्ह्यू करायचा, आपणच अप्रूव्ह करून प्रॉडक्शनला पाठवायचा. कोड लिहिणारा कितीही हुशार असला तरी कुठलीही बरी कंपनी हे चालू देत नाही. हुशारीचा प्रश्नच नसतो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, एवढंच कारण असतं.

मग नगरसेवकाच्या हातात असतं तरी काय? पुस्तिकेत असतं ते नाही. बाकडी आणि पेव्हर ब्लॉक महापालिकेच्या पैशाने येतात, वर फक्त 'यांच्या निधीतून' अशी पाटी असते. त्याच्या हातात खरं असतं ते महासभेत उभं राहून विचारण्याचा हक्क. लक्षवेधी सूचना, सभा तहकुबी, लेखी प्रश्न. प्रश्न विचारला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात जातं. उत्तर बहुतेकदा गोलमाल असतं. पण ते कागदावर असतं, त्याला तारीख असते आणि उत्तर देणाऱ्याचं नाव असतं.

धोकादायक इमारतींचंच बघा. दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका यादी जाहीर करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२अ रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब माणसं राहत असतानाच दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्तीची. डोंबिवलीत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना जुन्या गल्ल्यांतून फिरलात तर गेटवर लावलेल्या नोटिसा दिसतील: इमारत धोकादायक आहे, राहू नये. आत दोऱ्यांवर कपडे वाळत असतात.

माणसं का राहतात? बाहेरचे लोक म्हणतात, अडाणी आहेत, हट्टी आहेत. राहणाऱ्यांशी बोललं की दिसतं, त्यांचा हिशेब पक्का आहे. पागडीची खोली, महिना अगदी नाममात्र भाडं, मालकाशी वाद. एकदा बाहेर पडलं आणि इमारत पाडली की परत यायचा हक्क सिद्ध करायला कोर्टात किती वर्षं जातील कुणास ठाऊक. इमारत मूळची बेकायदा असेल तर पुनर्विकासात एफएसआयच मिळत नाही, म्हणजे बिल्डर फिरकत नाही. एका बाजूला स्लॅब पडण्याची शक्यता, दुसऱ्या बाजूला घर जाण्याची खात्री. माणूस शक्यतेच्या बाजूने राहतो. अशा वेळी खोल्यांची मापं घेऊन भाडेकरूंना दाखला द्या, संक्रमण शिबिरात सोय करा, मग पाणी तोडा, असा क्रम लावून घेणारं कुणीतरी लागतं. काही नगरसेवकांनी ते केलं. काहींनी पाणी तोडायला आलेल्या माणसांना परत पाठवून मतं पक्की केली. दोन्ही खरं आहे.

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीतली मातृकृपा ही इमारत पडली. ती धोकादायक म्हणून ठाऊक होती. नऊ जण गेले. आठवडा उलटतो न उलटतो तोच ४ ऑगस्टला पहाटे ठाण्यात नौपाड्यातली कृष्ण निवास पडली, तिथेही माणसं गेली. आमच्या कॉलेजातला एक मुलगा ठाकुर्लीच्या त्याच भागातला. पुढचे कित्येक दिवस तो बॅगेत घराच्या कागदपत्रांची फाइल घेऊन यायचा. त्यानंतर तीन महिन्यांनी निवडणूक झाली, आणि प्रचारात इमारतींचा विषय होता. नुसता बोलण्यापुरता का होईना, होता. निवडणूकच नसेल तर तेवढंही होत नाही.

आजीच्या पुस्तिकेत नसलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. डोंबिवलीची एमआयडीसी १९६४ ची. तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज कारखान्याच्या भिंतीला लागून सोसायटी आहे. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. देशभर बातम्या झाल्या, लोकांनी मीम केले. २६ मे २०१६ च्या सकाळी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली आणि आजी 'भूकंप' म्हणत बाहेर पळाली. बारा जण गेले, दोनशेहून जास्त जखमी झाले. २३ मे २०२४ ला दुपारी अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा दहाहून जास्त माणसं गेली. मी घरून काम करत होते, कॉलवर होते. बेंगळुरूच्या सहकाऱ्याने विचारलं, "वॉज दॅट थंडर?" तीनच दिवस आधी, २० मे ला, आम्ही लोकसभेसाठी मतदान केलं होतं. बोटावरची शाई गेली नव्हती. पण स्फोटानंतर ज्याच्या घरावर मोर्चा न्यावा असा आमच्या वॉर्डात कुणी नव्हता.

असता तरी काय करणार होता, हा प्रश्न रास्त आहे. कारखान्याला जागा एमआयडीसी देते. सुरक्षेची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. सांडपाणी आणि धूर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पोलीस राज्याचे, लोकल केंद्राची. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडून गेली, त्याबद्दलही महापालिकेत कुणाला काही विचारता येत नाही. आपल्या जिवाला धोका असणाऱ्या गोष्टींची यादी केली तर नगरसेवकाच्या अखत्यारीत त्यातल्या फार थोड्या येतात. म्हणून तर अहवालात बाकडी जास्त असतात. जे दाखवता येतं ते छापलं जातं.

पण अखत्यारीत नसणं म्हणजे बोलता न येणं नव्हे. याच पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, इथून जवळच, याचं एक जुनं उदाहरण आहे. भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं यंत्रमागांचं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. त्या त्या भागातले साधे हिंदू-मुसलमान रहिवासी आणि बीटवरचा हवालदार, ठरावीक दिवशी एकत्र बसायचे. विषय बहुतेकदा किरकोळ: नळावरचं भांडण, लाऊडस्पीकर, पोरांची मारामारी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. किरकोळ विषयांवर बसायची सवय असली की मोठ्या विषयाच्या दिवशी माणसं एकमेकांना ओळखतात. खोपडे अधिकारी होते, निवडून आलेले नव्हते. बाबांनी हा मुद्दा लगेच उचलला. त्यांना मी एवढंच म्हटलं की खोपड्यांची बदली झाल्यावर समित्यांमागे ती ऊर्जा राहिली नाही. अधिकारी बदलून जातो. वॉर्ड तिथेच राहतो.

महापालिकांसाठीही अशी तरतूद आहे, आणि हे वाचून मी खरंच चकित झाले. २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणली. गावात ग्रामसभा असते तशी, काही मतदान केंद्रं मिळून एक सभा, तिथल्या सगळ्या मतदारांची, अध्यक्ष नगरसेवक. त्याने बसायचं, लोकांनी विचारायचं. गुळगुळीत पुस्तिकेऐवजी समोरासमोर अहवाल. केंद्राच्या शहर-विकास निधीसाठी असा कायदा करणं ही अट होती, म्हणून तो झाला. मी आमच्या सोसायटीत, शेजारच्या दोन सोसायट्यांत आणि ऑफिसातल्या ठाणेकरांना विचारलं. क्षेत्रसभेला गेलेलं कुणी सापडलं नाही. दोघांना वाटलं मी शेअर मार्केटमधल्या सेक्टरबद्दल बोलतेय.

प्रशासकांच्या पाच वर्षांत काय घडलं ते शोधायला मी इतिवृत्तं मागायच्या विचारात होते. मग लक्षात आलं, इतिवृत्तात असणार ते फक्त ठराव. विषय, रक्कम, मंजूर. प्रश्न विचारणाराच नव्हता, तर प्रश्न येणार कुठून? याच काळात डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण बाहेर आलं: महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेले, आणि त्या क्रमांकावर विश्वास ठेवून लोकांनी कर्ज काढून घरं घेतलेली. दोन सरकारी यंत्रणा, आणि एकीकडचा कागद दुसरीकडे खरा आहे का हे तपासणारी जोडणीच नाही. आमच्यात हे नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात: बाहेरून आलेल्या कुठल्याही इनपुटवर विश्वास ठेवू नका. ते उघड केलं शहरातल्या एका वास्तुविशारदाने, तक्रारी आणि न्यायालयीन लढाई करून. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. फसवलेली कुटुंबं रस्त्यावर उतरली ती मंत्र्यांपुढे, खासदारांपुढे. गल्लीचं दुखणं थेट मंत्रालयात न्यावं लागलं, कारण मधली पायरीच काढलेली होती.

आता ती परत आली आहे. कल्याण-डोंबिवलीत १२२, ठाण्यात १३१. आमच्या चौघांपैकी एका नगरसेविकेने निकालानंतर आठवड्यात प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पहिल्या दिवशी अभिनंदनाचे दोनशे मेसेज, दुसऱ्या दिवशी गणपतीचे फोटो, तिसऱ्या दिवशी बंद दिव्याची पहिली तक्रार. दिवा त्याच रात्री लागला, हे सांगायला हवं. आजी खूश.

मी लिहिलं: ताई, आपल्या प्रभागात सी-१ मधल्या किती इमारती आहेत, त्यात किती कुटुंबं राहतात, आणि त्यांच्यासाठी काय सोय आहे, हे महासभेत लेखी विचाराल का? दोन निळ्या टिका आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि ते टाळाटाळीचं नव्हतं असं मला वाटलं: "नवीन यादी पावसाळ्याआधी येते. मे महिन्यात आठवण करा, विचारते."

१ मे चा रिमाइंडर लावला आहे. आजीने तिच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवलंय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.